दोन हजार तीनशे सोळा पाय

टेपबाईंना खऱ्या नावानं हाक मारणारं वर्कशॉपमध्ये आता कुणी उरलं नव्हतं. सकाळी त्या गळ्यात मापाची टेप अडकवूनच दारातून आत यायच्या आणि संध्याकाळी कित्येकदा ती काढायला विसरून तशाच घरी जायच्या. एकदा तर भाचीच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला त्या टेप घालून पोचल्या होत्या. बहिणीनं दारातच ती ओढून काढली आणि पर्समध्ये कोंबली.

वर्कशॉप कृत्रिम पायांचं होतं. लांब पत्र्याची शेड, एका टोकाला प्लास्टरची पोती, दुसऱ्या टोकाला दोन समांतर दांडे, नवा पाय लावलेल्या माणसानं धरून चालायचे. मधल्या खोलीत टेपबाई. पाय कापलेला माणूस समोर स्टुलावर बसायचा, बाई उरलेल्या पायाचा घेर सहा ठिकाणी मोजायच्या आणि जाड पिवळ्या कार्डावर लिहायच्या. त्या सहा आकड्यांवर सॉकेट बनायचं, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती कडक वाटी. माणसाचा सगळा भार तिच्यावर. आकड्यात चार मिलिमीटरची चूक झाली तरी माणूस चालतो. पण संध्याकाळपर्यंत कातडी सोलून निघते.

बाईंना हे काम मिस्त्रींनी शिकवलं होतं. मिस्त्री जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांचं बोलणं वर्कशॉपच्या भिंतींत मुरलेलं होतं. "आकडा विसरलीस तर पुन्हा मोज. अंदाज करायचा असेल तर घरी जाऊन भाताच्या पाण्याचा कर," असं ते म्हणायचे. माप इंचांत आणि सुतांत. एका इंचात आठ सूत. मिस्त्रींच्या काळापासूनची दोन हजार तीनशे सोळा कार्डं लाकडी खणांत ओळीनं उभी होती. पाय चार-पाच वर्षांत झिजतो. मग माणसानं नुसतं पत्र टाकलं किंवा फोन केला, की बाई त्याचं कार्ड काढायच्या आणि नवा पाय तयार व्हायचा. अंगात थोडाफार फरक पडला असेल तर मोज्यांचे थर कमी-जास्त करून भागायचं. कित्येकांना दोन दिवसांचा प्रवास करून यावं लागलं असतं, तो वाचायचा.

त्या वर्षी नवं मशीन आलं. आकडे दिले की ते सॉकेटचा साचा आपोआप कोरायचं. जे काम मिस्त्री दोन दिवसांत करायचे, ते चाळीस मिनिटांत. फक्त त्याला माप मिलिमीटरमध्ये लागायचं.

व्यवस्थापकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "जुनी कार्डं आता बंद. ज्यांना नवा पाय हवाय त्यांनी यावं, नव्यानं माप द्यावं."

"साहेब, वरच्या डोंगराळ भागातली माणसं कशी येतील? ज्याचा पाय मोडलाय त्यालाच सांगायचं, की आधी चालत ये?" बाईंनी विचारलं.

"बाई, तेरा हजार नऊशे आकडे आहेत. कोण बदलणार?"

"तेरा हजार आठशे शहाण्णव," बाई म्हणाल्या. "मी बदलते."

व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय जडलेली. "करा, पण तुमच्या जबाबदारीवर," एवढं बोलून ते उठले.

बाईंनी तक्ता केला. प्रत्येक इंच, प्रत्येक सूत, समोर मिलिमीटर. तक्त्यावर पट्टी ठेवायची, ओळ बघायची, आकडा उतरवायचा. रोजचं काम संपलं की चार ते सहा हेच. महिन्याभरात एकशे नव्वद कार्डं झाली. डोळे चुरचुरायचे, मान आखडायची, पण त्या खूश होत्या. नव्या मशीनवर त्यातले काही पाय तयार होऊन गेलेसुद्धा.

आणि मग शिंपी आला.

हा शिंपी बाईंच्या पहिल्या वर्षापासूनचा. उजवा पाय गुडघ्याखालून नाही; नव्या पायानं तो शिलाई मशीनचं पायडल मारायचा. आला तो काठी टेकत. स्टुलावर बसला आणि पाय काढला. बाईंनी मोजे उतरवले. नडगीच्या टोकाला रुपयाएवढी जखम होती, ओली.

"कधीपासून?"

"आठ दिवस झाले. म्हटलं, नवा आहे, चावणारच. चप्पल नाही का चावत." तो ओशाळं हसला, जणू चूक त्याचीच होती.

बाईंनी त्याचं कार्ड काढलं, तक्ता काढला. सहाच्या सहा आकडे एक ओळ वरचे होते. त्या दिवशी पट्टी सरकली असणार. प्रत्येक घेर एका सुतानं, म्हणजे तीन मिलिमीटरनं कमी.

त्यांनी तक्ता मिटला. मग म्हणाल्या, "भाऊ, ही चूक माझी आहे. तुमचा पाय आजच दुसरा करते. तोवर इथून हलायचं नाही."

तो पाय त्यांनी मशीनसमोर उभं राहून करवून घेतला. पण बातमी व्यवस्थापकांच्या कानावर जायची ती गेलीच.

"पुरे आता बाई. एकशे नव्वदमध्ये एक सापडला. आणखी किती असतील कोण जाणे. सगळ्यांना परत बोलवायचं."

"दोन महिने द्या मला. हातानं नाही करत आता. दुसरी वाट काढते."

"कुठली?"

ती बाईंनाही ठाऊक नव्हती. पण त्या म्हणाल्या, "काढते म्हटलं ना."

बहिणीची मुलगी कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायची नोकरी करायची. रविवारी दुपारी ती आली तेव्हा मावशी टेबलावर दोनशे कार्डं पसरून बसलेली.

"दे मला, मी करून देते. तासाभराचं काम आहे," भाची म्हणाली.

"तू करून देशील आणि जाशील. उद्या कुणाला जखम झाली तर मी कुणाकडे बघू? मला शिकव."

"मावशी, तू ईमेल पाठवताना अजून मला फोन करतेस."

"म्हणून तर म्हणते, शिकव."

आधी कार्डं कॉम्प्युटरमध्ये भरायची होती. ते काम टेपबाईंच्या नवऱ्यानं अंगावर घेतलं. तो बसचा निवृत्त कंडक्टर. आवाज असा, की शेजारची बाई खिडकी लावून घ्यायची. तो थांब्यांची नावं पुकारावीत तशी कार्डं वाचायचा: "पंधरा सात! चौदा दोन! तेरा सहा!" आणि बाई टाइप करायच्या, १५.७, १४.२, १३.६, कार्डावर होतं तस्संच. शंभर कार्डं झाली की जागा बदलायची. बाई वाचायच्या, तो पडद्यावरचं ताडून बघायचा. पाच आठवडे घर आकड्यांनी दुमदुमत होतं. व्यवस्थापकांनी कुरकुरत दिलेल्या दोन महिन्यांतला अर्ध्याहून जास्त वेळ त्यातच गेला.

त्या पाच आठवड्यांतल्या रविवारी शिकवणी चालली. भाचीनं सांगितलं, की अशा आकड्यांच्या रांगेला अ‍ॅरे म्हणतात, आणि एक ठरलेलं काम करणाऱ्या तुकड्याला फंक्शन. फंक्शनला एक आकडा द्यायचा, ते एक आकडा परत देतं. इंच दिला, मिलिमीटर मिळाला. एवढं बाईंना पटकन उमगलं. गाडी अडली ती पुढे. रांगेतल्या सगळ्यांवर ते काम करायचं कसं?

कार्डं भरून झाल्यावर बाईंनी पुस्तकात बघून स्वतःच लिहिलं. एक मोजणी धरायची, एकपासून सुरुवात, दर वेळी एक वाढवायचा, त्या नंबरचा आकडा काढायचा, बदलायचा. चालवलं. बाहेर दोन हजार तीनशे पंधरा कार्डं आली.

"एक गेला," बाई म्हणाल्या.

"कोण?"

"पहिला. पहिलं कार्डच नाही यात."

भाची हसली. "अगं, रांगेतल्या पहिल्याचा नंबर शून्य असतो. तू एकपासून मोजलंस, तो मागे राहिला."

"शून्य नंबरचा माणूस? असा कुठं असतो?"

"इथं असतो."

बाई हसल्या नाहीत. पट्टी सरकली तेव्हाही असंच झालं होतं. मोजणारा एका घरानं चुकला आणि मार दुसऱ्यानं खाल्ला. "मोजणी माझ्या हातात असेल तर मी कधीतरी चुकणार," त्या म्हणाल्या. "मोजावंच लागणार नाही असं काही नाही का?"

"आहे ना. ते तुला पुढच्या रविवारी सांगणार होते." भाचीनं एक ओळ लिहिली. "याला मॅप म्हणतात. तू फक्त सांगायचंस, ही रांग आणि हे काम. तो एकेकाला उचलतो, फंक्शनकडे देतो, उत्तर नव्या रांगेत त्याच जागी ठेवतो. तू मोजायचं नाहीस. कुणी सुटत नाही, कुणी दोनदा येत नाही. जितके आत, तितकेच बाहेर."

"आणि जुनी रांग?"

"जशीच्या तशी. तिला हात लागत नाही. उत्तरांची रांग वेगळी."

बाईंनी हे तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. जुनं कार्ड खोडून त्यावर नवं लिहिणाऱ्या माणसाला मिस्त्रींनी एकदा शेडबाहेर काढलं होतं. मग प्रत्येक कार्डाच्या सहाही आकड्यांना तेच काम लावून त्यांनी प्रोग्रॅम चालवला. चहाचा कप उचलेपर्यंत झालं होतं. दोन हजार तीनशे सोळा आत, दोन हजार तीनशे सोळा बाहेर. नवरा म्हणाला, "पाच आठवडे मी घसा फोडला आणि हे चहा निवायच्या आत?"

भाचीनं टाळी द्यायला हात पुढे केला. बाईंनी दिली नाही. "थांब. शिंप्याचं बघू."

शिंप्याचे बरोबर आकडे त्यांना आता झोपेतही आठवले असते. पहिला घेर, कार्डावर १५.७. मिलिमीटर चारशे तीन यायला हवे होते. पडद्यावर होते तीनशे नव्व्याण्णव.

भाचीनं प्रोग्रॅम दोनदा तपासला. "मावशी, बरोबर आहे. पंधरा पॉइंट सात गुणिले पंचवीस पॉइंट चार. कॅल्क्युलेटरवर कर."

"प्रोग्रॅम बरोबर असेल. माणूस पुन्हा सोलून निघेल." बाई पडद्याकडे बघत राहिल्या, मग कार्डाकडे. आणि एकदम त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, हे पंधरा पॉइंट सात नाहीच! हे पंधरा इंच, सात सूत. मिस्त्री मधे टिंब द्यायचे. आम्ही सगळेच देतो. सात सूत म्हणजे आठातले सात."

भाचीचं तोंड उघडंच राहिलं. "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"मला टिंब दिसतच नाही गं. एकतीस वर्षं मी ते सूत म्हणूनच वाचतेय. त्याला वेगळं काही समजेल हे डोक्यातच आलं नाही."

कॉम्प्युटरनं तक्रार केली नव्हती. तेरा हजार आठशे शहाण्णव आकड्यांवर त्यानं तेच चुकीचं काम चोख, न थकता, न चुकता केलं होतं. सब घोडे बारा टक्के. हातानं करताना एक शिंपी सोलला होता. इथं एका कपभर चहात जवळजवळ सगळेच सोलून निघाले असते.

फंक्शन त्यांनी नव्यानं लिहिलं, या वेळी भाचीला खुर्चीच्या मागे उभं करून. टिंबापाशी आकडा तोडायचा. आधीचा भाग इंच. नंतरचा भाग सूत, त्याला आठानं भागायचं. दोन्हींची बेरीज, मग मिलिमीटर. टिंबच नसेल तर सूत शून्य. आणि शेवटी स्वतःच्या मनानं एक ओळ घातली: सूत आठ किंवा जास्त निघाले, तर गणित करायचं नाही, त्या जागी "बघा" असं लिहायचं.

"आठ सूत कोण लिहील? आठ झाले की इंचच होतो," भाची म्हणाली.

"कुणी लिहिणार नाही. पण लिहिले असतील, तर मला कळायला हवं."

शिंपी बरोबर आला, चारशे तीन. आणि एकसष्ट कार्डांवर "बघा" आलं.

बाईंनी ती एकसष्ट कार्डं टेबलावर मांडली आणि पहिल्या नजरेतच ओळखलं. उघड्या तोंडाचा चार, शेपटी उडवलेला नऊ. अक्षर पॉइंटसाहेबांचं. हा दहा-बारा वर्षांपूर्वी दोन वर्षं इथं होता, मोठ्या कॉलेजात शिकून आलेला तरुण तंत्रज्ञ. प्रत्येक वाक्यात पॉइंट यायचा म्हणून हे नाव पडलं. तो टिंबानंतर खरोखरच दशांश लिहायचा. त्याच्या अक्षरातली सगळी कार्डं बाईंनी खणांतून वेचली. एकूण एकशे त्रेचाळीस. एकसष्टांवर आठ किंवा नऊ सापडले म्हणून ती पकडली गेली. उरलेल्या ब्याऐंशींवर तसं काहीच नव्हतं. ती गुपचूप बाकीच्यांत मिसळून बसली होती.

बाईंनी त्याचा नंबर मिळवून फोन केला. तो आता दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर.

"बाई! आवाज तस्साच आहे तुमचा," तो खूश होऊन म्हणाला. बाईंनी विचारलं, टिंबापुढे तो दशांश लिहायचा की सूत. "सुरुवातीला मी दशांशच लिहायचो. मग मिस्त्रींनी मला सगळ्यांसमोर झापलं. आठवतंय? त्यानंतर सूत लिहायला लागलो."

"ते कधी झालं?"

"पहिल्या वर्षी... की दुसऱ्या? नाही हो सांगता येत. माफ करा."

"माफी कशाला. खरं सांगितलंत हे पुष्कळ झालं."

कार्डावर नुसतं साल होतं. एकसष्ट कार्डांना दशांशाचं दुसरं फंक्शन लावता येत होतं. ब्याऐंशींचं मात्र कुणालाच सांगता आलं नसतं. बाईंनी ती ब्याऐंशी रांगेतून बाजूला काढली, उरलेल्यांवर प्रोग्रॅम चालवला, आणि मग पन्नास कार्डं डोळे मिटून उपसली. ती त्यांनी तक्ता आणि पट्टी घेऊन हातानं ताडली. पन्नासच्या पन्नास जुळली. आधी हातानं केलेली एकशे नव्वदही त्यांनी नव्या उत्तरांशी ताडून पाहिली. शिंप्याखेरीज आणखी दोघं चुकीचे निघाले. त्यांचे पाय अजून बनले नव्हते. तेव्हा कुठं त्या व्यवस्थापकांकडे गेल्या.

"दोन हजार दोनशे चौतीस तयार आहेत. ब्याऐंशींवर माझा भरवसा नाही, ते मी दिलेले नाहीत."

व्यवस्थापकांनी कागद उलटसुलट केले. "ब्याऐंशीसाठी एवढं काय? तेही चालवून टाका त्यात. एखाद-दुसरा चुकला तर बघू."

"साहेब, तुम्ही स्टुलासमोर बसून एकदा तो मोजा उतरवा. मग म्हणा, एखाद-दुसरा."

व्यवस्थापकांनी कागद सरळ करून ठेवले. मग म्हणाले, "बरं. आधी दहा पाय करू या. दहाही बसले तर तुमची यादी चालू. आणि त्या ब्याऐंशींना बोलावून घ्या."

"बोलवत नाही. मीच जाते. महिन्यातून दोनदा वर्कशॉपची गाडी द्या."

दहातले नऊ पाय जागच्या जागी बसले. दहावा सैल झाला, कारण तो माणूस आजारपणात वाळला होता. त्याला एक मोजा वाढवला. व्यवस्थापकांनी यादीवर सही केली आणि गाडीच्या अर्जावरही.

त्यानंतर दीड वर्ष बाईंचे महिन्याचे दोन शनिवार रस्त्यावर गेले. नवरा सोबत असायचाच. गाडी बंद पडली की बस. आणि कुठली बस कुठं मिळते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? एका घरी माणूस बैलासारखा धट्टाकट्टा भेटला, दुसरीकडे ज्याचं माप घ्यायचं तोच गेला होता. त्याची बायको नुसतं म्हणाली, "तुम्ही आलात, बसा तरी." बाई तासभर बसल्या.

वरच्या भागातली एक शिक्षिका या ब्याऐंशींपैकी. तिला पत्र गेलं होतं, तिनं उत्तर दिलं नव्हतं. गाडी जिथं थांबली तिथून पुढे दोनशे दहा पायऱ्या होत्या. नवरा शंभराव्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "तू हो पुढे, मी इथला थांबा सांभाळतो." बाई धापा टाकत वर पोचल्या तेव्हा शिक्षिका शाळेच्या एकुलत्या एका वर्गात खुर्चीवर बसून शिकवत होती. पाय शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला, वाटीला चीर गेलेली, तिच्यावर चिकटपट्टी.

"उत्तर का नाही दिलंत?" बाईंनी विचारलं.

"काय लिहू? येऊ शकत नाही, हे लिहायलाही लाज वाटते हो. सहा वर्षं मी बसून शिकवतेय. मागच्या बाकावरच्यांना माझं नुसतं डोकं दिसतं."

बाईंनी मुलांना बाहेर खेळायला पाठवलं, दार लोटलं आणि जमिनीवर बसून टेप उघडली. सहाही घेर दोनदा मोजले. चौथ्याचे दोन आकडे जुळेनात, तो तिसऱ्यांदा मोजला.

तीन आठवड्यांनी पाय वर पोचला. त्यानंतरच्या सोमवारी वर्कशॉपमध्ये फोन आला. शिक्षिका म्हणाली, की आज तिन्ही तास उभ्यानं घेतले, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत लिहिलं, आणि आता पोटरी दुखतेय.

"कातडी बघितलीत?"

"बघितली. लालसुद्धा नाही."

"उद्या पुन्हा बघा. आठवडाभर रोज बघा," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दोन मिनिटं खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

आजमितीला ब्याऐंशींपैकी चौऱ्याहत्तर झालेत. तिघं या जगात नाहीत. पाच जणांचा पत्ता लागत नाही. घर बदललेलं, नंबर बंद. निवृत्तीला आठ महिने उरलेत. मागच्या बुधवारी बाईंना त्यातल्या एकाच्या मेहुण्याच्या दुकानाचा फोन नंबर मिळाला. दोनदा लावला, कुणी उचलला नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा पुढ्यात घेऊन त्यांनी तो तिसऱ्यांदा लावला.

"हॅलो," पलीकडून कुणीतरी वैतागून म्हणालं. "कोण बोलतंय?"

"मी पायांच्या वर्कशॉपमधून बोलतेय," बाईंनी पेन्सिल उचलली. "तुमच्या भावजींचा पत्ता हवा होता. नाही, तक्रार काही नाही. त्यांचं माप घ्यायचं राहिलंय."